घंटी

बडोद्यात गिरणीला घंटी म्हणतात.
लग्न होऊन खारीवाव रोडवर आले,
सासरे म्हणाले, "घंटी आपलीच आहे,"
आणि मी देव्हाऱ्याकडे पाहिलं.

तेहतीस वर्षं झाली, आता मीच चालवते.
सकाळी गहू. दुपारी तीननंतर ज्वारी, बाजरी.
नियम सासऱ्यांचा, भिंतीवर खडूने:
पांढऱ्या पिठात करडा कण दिसला
तर डबा परत येतो, मग गिऱ्हाईक येत नाही.

बाजरीवाले मागच्या दाराशी डबा ठेवायचे.
कुणाची, विचारलं
तर काहीजण "गुरांची" म्हणायचे.
पोळात गुरं नव्हती कुणाकडे.

कनीबेन राठवा तेवढी पुढून यायची.
पावी जेतपूरकडची, गोत्रीत विटा वाहणारी.
तिनेच सांगितलं कोदऱ्याचं:
शेळीचा पाय घसरतो त्या उतारावर
तो उभा राहतो,
दोन पाऊस चुकले तरी काही मागत नाही.
सासूने नातवाच्या जन्माला भरलेली कोठी
नातवाच्या लग्नाला उघडली,
दाणा तसाच.
"आणि कांडण?" मी म्हटलं.
तिने तळवे पुढे केले.
सालावर साल, त्यावर साल.
उखळाशी बसलं की दिवस मावळतो.
हे कुठल्या फलकावर लिहीत नाहीत.

फलक आता आलेत. दवाखान्यात, बँकेतसुद्धा.
अलकापुरीहून गाडी येते,
ड्रायव्हर काचेच्या बरणीत नागली आणतो,
वर चिठ्ठी: जाड दळा, चाळू नका.
भाजीवालीही फायबर म्हणते,
कॅल्शियमचा आकडा तिला पाठ आहे.
मी सांगते, बाजरी थोडी थोडी दळून न्या,
आठ दिवसांत पीठ कडू होतं.
ते म्हणतात, महिन्याचं द्या, फ्रिज आहे.

तीनचा नियम मी पुसला.
खडूची खूण मात्र भिंतीने ठेवलीय.

कनीबेन हल्ली सकाळच्या रांगेत असते,
हातात रेशनचा गहू.
"कोदरो?"
"शिर्केबेन, तो तर तुमच्याकडे राहायला आला.
आमच्या उतारावर कपास आहे.
मॉलमध्ये दिसला, प्लास्टिकमध्ये, सोललेला,
पोरीने किंमत वाचली,
मी म्हटलं, परत वाच."
सगळी रांग हसली. तीही हसली.

एक धान्य संपून दुसरं पडतं
तेव्हा दगडांच्या मध्ये ओंजळभर उरतं.
ते कुणाचंच नसतं,
म्हणून आमचं.
ज्वारी शिरलेला गहू, नागली शिरलेली ज्वारी,
रोज भाकरीचा रंग वेगळा,
कधी थापताना चिरते, कधी गुमान फुगते.
पोरं लहानपणी विचारायची, आज कसली?
मी म्हणायचे, आजची.
आता याच पिठाच्या पुड्या मिळतात, त्यावर नाव असतं.
माझी साखर विचाराल तर
काठावर आहे. मी औषध विकत नाही.

परवा ती पुन्हा आली, दुपारची,
पदराची गाठ सोडत.
मूठभर कोदरो, सालासकट,
मातीचा एक खडा त्यात अजून.
मी म्हटलं, माझ्या दगडाला हा दाद देणार नाही.
"दळायला नाही. ठेवायला.
आमच्या खोलीत उंदीर आहेत
आणि पोरगा म्हणतो, टाकून दे."

मी बिस्किटांचा रिकामा डबा घेतला,
खडूने तिचं नाव लिहिलं,
पट्ट्याच्या वरच्या फळीवर ठेवला.
ती गेली. मी बटण दाबलं.

भिंत थरथरली, फळी थरथरली,
आणि डब्यात
दाणे वाजू लागले.